कारखान्यातली कडी

घर विकायला काढलं की आधी घराची आणि मग घरातल्या माणसांची परीक्षा सुरू होते. ज्या भिंतीकडे वीस वर्षांत कुणी धड पाहिलेलं नसतं, तिचे पोपडे अचानक डोळ्यांत भरायला लागतात. येणारा माणूस चप्पल काढायच्या आधी पत्र्याकडे बघतो, नळ सोडून बघतो, संडासाचं दार उघडून नाक मुरडतो, आणि एवढं सगळं करून वर चहा पिऊन "घरी विचारून सांगतो" म्हणत निघून जातो. बिलकीसनं तीन महिन्यांत इतक्या लोकांना चहा पाजला होता की दूधवाल्यानं एकदा न राहवून विचारलंच, "भाबी, पोरीची सोयरीक बघून राहिले का?"

पोरीचंच बघणं चाललं होतं, पण सोयरीक नव्हे. फरहीन बिलकीसची एकुलती एक लेक. तिनं डी. फार्मसी केली आणि गेली तीन वर्षं ती हिंगोलीत दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये उभी राहून औषधं देत होती. जवळा बाजारहून सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि मधले सगळे तास काउंटरमागे. त्या मेडिकलला नरसी नामदेवच्या शालूबाई बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. फरहीन त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' लिहून द्यायची. एवढ्यावर शालूबाई फिदा. नरसीला रस्त्याच्या कडेला त्यांचा एक गाळा होता, मागे राहायला दोन खोल्या. पुण्याला लेकाकडे कायमचं जायचं ठरल्यावर त्यांनी आधी फरहीनला विचारलं. "तू घे बाई. आजूबाजूला मेडिकल न्हाई. तीन महिने मी कुणाला शब्द देत न्हाई. पुढं मात्र मोबाइलवाला मागं लागलाय, त्याला द्यावा लागंल."

म्हणजे सगळा मामला असा होता: जवळा बाजारचं घर त्या तीन महिन्यांत विकलं गेलं, तर फरहीनचं स्वतःचं दुकान होणार. नाही गेलं, तर ती आयुष्यभर दुसऱ्याच्या काउंटरमागे. बिलकीस झोपेतून उठली तरी तिला हेच आठवायचं आणि चूल पेटवतानाही हेच.

घर तसं वाईट नव्हतं. बाजारापासून पाच मिनिटांवर, मागे अंगण, अंगणात शेवगा, नळाला एक दिवसाआड पाणी. आत दोन खोल्या आणि पुढची एक भली मोठी खोली. तिला घरातले सगळे 'कारखाना' म्हणत. नाव मोठं, पण कारखान्यात यंत्र म्हणाल तर आता एक शिलाई मशीन, तेवढंच. हे घर पिंजाऱ्याचं. बिलकीसचे सासरे खाजा मिया आणि त्यांचे वडील, ज्यांना सगळे बावा म्हणायचे, दोघांनी या खोलीत कापूस पिंजून पंचक्रोशीच्या गाद्या भरल्या. खोलीच्या मधोमध तुळईला अंगठ्याएवढी जाड लोखंडी कडी होती. धनुष्यासारखं लांब पिंजण त्या कडीला दोरीनं टांगायचं, कापूस खाली पसरायचा आणि ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याचे टोले द्यायचे. कापूस फुलून सगळ्या खोलीत तरंगायचा. बिलकीस लग्न होऊन आली तेव्हा पिंजण जाऊन कापूस पिंजायचं मशीन आलं होतं. पुढे तिचा नवरा आसिफ गेला, त्याच्यामागे मशीनही विकलं, आणि आता तर फोमच्या गाद्या टेम्पोत भरून भोंगा लावून दारात येतात. बिलकीस गाद्यांच्या खोळी आणि दुलया शिवून घर चालवत होती. कडी मात्र जिथं होती तिथंच राहिली. तिला कोण काढतो आणि कशाला?

खाजा मिया अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दात मोजके, आवाज खणखणीत. घर विकायचं ठरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पोरीचं भलं होतंय ना? मग विका." त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईक आलं की मात्र ते कारखान्यातल्या बाजेवरून उठायचे आणि यजमानासारखं सगळं घर फिरून दाखवायचे. हे शेवग्याचं झाड, ह्याच्या शेंगा कडू निघत न्हाईत. ही भिंत दीड हाताची, उन्हाळ्यात पंखा लागत न्हाई. आणि सगळ्यात शेवटी ते कारखान्याच्या मधोमध येऊन थांबायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "ही कडी बघा. माझा बावा ह्याच कडीला लटकून राहिला. आखरीपर्यंत."

खिशातून रुमाल निघायचा, डोळे पुसले जायचे, आणि पुढचं वाक्य पोटातच राहायचं. पुढचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: मशीन आलं, लोक म्हणाले सोडा आता हे पिंजण, पण बावानं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. घरात दखनी बोलली जायची आणि दखनीत हे सगळं एका दमात बसायचं, 'मेरे बावा इसी कडी को लटके रहे'. म्हणजे तिला धरून राहिले, चिकटून राहिले. खाजा मिया तेच शब्द उचलून पाहुण्यांसाठी मराठीत ठेवायचे. बिलकीस तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. तिच्या कानाला ते दखनीच ऐकू यायचं. म्हाताऱ्याला बापाची आठवण आली, एवढंच तिला कळायचं, आणि तिचाही जीव गलबलायचा.

पहिलं खरं गिऱ्हाईक विश्वंभर गुरुजी. दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलेले, भाड्याच्या खोलीला कंटाळलेले. त्यांनी टेप लावून खोल्या मोजल्या, वहीत आकडे लिहिले, सोमवारी इसार देतो म्हणाले. सोमवारी त्यांचा फोन आला की मिसेसचं म्हणणं पडलं, दक्षिणेला दार आहे. दार पूर्वेला होतं. बिलकीसनं तसं सांगितलं तर गुरुजी म्हणाले, "हो का? पण तरीही."

दुसरे माणिकराव, सोयाबीनच्या खरेदीत असलेले. त्यांना कारखान्याची खोली गोदामासाठी फार आवडली. दोन दिवसांनी त्यांनी कळवलं की गल्लीत ट्रक वळत नाही. गल्ली काय त्यांनी पहिल्या दिवशी पाहिली नव्हती? ट्रक तर सोडा, माणिकराव स्वतः आपली भली मोठी गाडी घेऊन दारापर्यंत आले होते आणि वळवूनही घेऊन गेले होते.

तिसरे धनसिंग. जवळच्या तांड्यावरचे, हळद आणि कापसाची शेती, माणूस सरळ. लेक पूजा आणि मुलगा रणजीत दोघंही शिकायला जवळा बाजारला येत, म्हणून गावात घर हवं होतं. त्यांना घेऊन आला मुन्ना, जमिनी-घरांचे व्यवहार जुळवणारा. त्या दिवशी खाजा मिया दवाखान्यात गेले होते. धनसिंगनी घर पाहिलं, अंगणातला शेवगा हलवून पाहिला, आणि तिथंच इसार काढून बिलकीसच्या हातात दिला. "घर घेतलं, समजा. उद्या बायकोला दाखवतो, म्हणजे ती म्हणणार न्हाई मला विचारलं न्हाई." दुसऱ्या दिवशी ते जिवनबाईला घेऊन आले. खाजा मिया त्या दिवशी घरी होते. त्यांनी घर फिरवून दाखवलं, शेवटी कडीखाली उभे राहिले, आणि रुमाल डोळ्यांना लावला. जिवनबाईनं चहाला तोंडही लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुन्ना तोंड पाडून आला. "भाबी, धनसिंग न्हाई म्हणून राहिले."

"काहून?"

"सांगत न्हाईत. आणि इसार पण वापस नको म्हणतात. तुमच्याकडंच राहू द्या म्हणले."

गिऱ्हाईक मोडणं समजण्यासारखं आहे, पण दिलेला इसार सोडून कोण पळतं? बिलकीसनं पत्र्याला दोष दिला, गल्लीला दिला, शेजारच्या भंगारवाल्याला दिला. मग जे इतके दिवस ती मनातसुद्धा आणत नव्हती ते तिच्या तोंडून निघालंच. "मुन्ना, खरं सांग. मुसलमानाचं घर म्हणून तर न्हाई?"

मुन्नानं कानाला हात लावले. "न्हाई भाबी. धनसिंग तसला माणूस न्हाई. तसं असतं तर पहिल्या दिवशी आलेच नसते. दुसरंच काही हाय, पण ते बोलून न्हाई राहिले."

मुदत संपायला आठ दिवस उरले होते. बिलकीसला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं इसाराचे पैसे जसेच्या तसे पाकिटात घातले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि रिक्षा करून एकटी तांड्यावर गेली. फुकटचा पैसा घरात ठेवायचा नव्हता हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे तिला कारण ऐकायचं होतं. घरात काय खोट आहे ते तोंडावर सांगणारं एकही माणूस तिला तीन महिन्यांत भेटलं नव्हतं.

जिवनबाई ओट्यावर हळकुंडं निवडत बसली होती. बिलकीसला पाहून ती गडबडून उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. पाकीट पुढे केलं तर तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"न्हाई बाई, ते तुमीच ठेवा. तुमच्या घरानं लई सोसलंय."

"काय सोसलंय?"

"आता मला काय बोलायला लावता? जे झालं त्यात तुमचा काय दोष? पण माझी पूजा लई हळवी हाय. तिला त्याच खोलीत अभ्यासाला बसायचं हाय. वर बघितलं की तेच डोळ्यापुढं येणार. माझं मन काही घेईना."

"जिवनबाई, काय येणार डोळ्यापुढं?"

जिवनबाईनं इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि हातानं गळ्याभोवती फास ओढून दाखवला. "तुमच्या सासऱ्याचा बाप. बाबानं सोताच सांगितलं. कडी दाखवली अन् रडले."

बिलकीसला आधी काहीच उमगलं नाही. मग एकदम उमगलं. 'माझा बावा ह्याच कडीला लटकून राहिला.' तीन गिऱ्हाइकं, तीन वेळा तेच वाक्य, आणि तिन्ही वेळा ती ट्रे घेऊन दारात उभी. तिला हसू फुटलं. इतकं की पाण्याचा पेला सांडला, आणि हसता हसता कधी रडायला लागली तेही तिला कळलं नाही. जिवनबाई घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

श्वास आल्यावर बिलकीसनं सगळं सांगितलं. पिंजण, कडी, मशीन, दखनी. बावा तर हट्टा गावाला लेकीच्या घरी गेले होते, दुपारी दहीभात खाल्ला, लवंडले आणि झोपेतच गेले. एवढं सुखाचं मरण सगळ्या गावात कुणाला आलं नसेल.

जिवनबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाई सरळ होती, पण भोळी नव्हती. "तुमी खरं बोलत असाल," ती म्हणाली. "पण बाई, तुमी विकणाऱ्या. विकणारा तर म्हणणारच, काही झालं न्हाई म्हणून. बाबाच्या तोंडून ऐकू द्या. त्येंनीच सांगितलं होतं, त्येंनीच सांगावं. मग मी नाही म्हणत न्हाई."

परतीच्या रिक्षात बिलकीसला उडी मारून घरी पोचावंसं वाटत होतं. सासरे ऐकतील, पोट धरून हसतील, उद्या त्यांना तांड्यावर नेलं की संपलं. ती दारातूनच बोलायला लागली. "अब्बा, तुमी काय करून ठेवलं माहीत आहे का? लोकांना वाटलं, बावांनी फास घेतला!" आणि ती पुन्हा हसायला लागली.

खाजा मिया हसले नाहीत. ते बाजेवर बसले होते, तसेच बसून राहिले. हातातली टोपी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी.

"अब्बा?"

"मला ठाव होतं," ते म्हणाले.

बिलकीसचं हसू जागच्या जागी थांबलं.

"पहिल्या दोघांच्या बारीला न्हाई. कसम. पण मग कटिंगच्या दुकानात विश्वंभर गुरुजी भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणले, बाबा, लई वाईट झालं, वडिलांनी असं काहून केलं? तवा मला समजलं, लोक काय समजून राहिले ते."

"मग तुमी काय म्हणाले?"

"म्हणलो, नसीब."

"म्हणजे धनसिंगच्या वेळेला..."

"तवा मला पुरं ठाव होतं. ठाव असून बोललो. रुमाल पण आधीच काढून ठेवला होता."

सासऱ्यापुढे बिलकीसनं कधी आवाज चढवला नव्हता. नवरा गेल्यावरही नाही. त्या दिवशी चढवला. "फरहीन तुमची कोण आहे अब्बा? रोज सकाळ-संध्याकाळ बसचे धक्के खाते ती, पाय सुजतात तिचे. स्वतःच्या बापाला फासावर दिलं तुमी, तेही पोरीच्या दुकानाच्या आड यायला? विकू नका म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतं!"

बिलकीस आत जाऊन कणीक मळायला लागली, आणि ती कणीक त्या दिवशी दगडासारखी झाली.

फरहीन संध्याकाळच्या बसनं आली. आईचा चेहरा पाहून तिनं विचारलं काय झालं, आणि बिलकीस काही बोलायच्या आतच बाजेवरून आवाज आला, "इकडं ये. मी सांगतो." खाजा मियांनी नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. कटिंगचं दुकान, नसीब, आधीच काढून ठेवलेला रुमाल, काहीच वगळलं नाही. "इथं मी घराबाहेर पडलो तर दहा माणसं सलाम करतात. गादीवाले खाजा मिया म्हणतात. तिथं मी कोण? मेडिकलवाल्या बाईचा म्हातारा. बसून राहीन कोपऱ्यात. याचं भेव वाटलं, बेटा."

फरहीन उठली, पर्समधून आजोबांची संध्याकाळची गोळी काढली, पाणी आणलं आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "दादा, तुमी आधी सांगितलं असतं तर मी हे घर विकूच दिलं नसतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," खाजा मिया म्हणाले.

दारात उभ्या बिलकीसनं ते ऐकलं. सगळा राग एका क्षणात उतरला असं म्हणणं खोटं होईल, थोडा राहिलाच. पण म्हाताऱ्याची कोंडी तिला दिसली. घर सोडवत नव्हतं, आणि नाही म्हणून पोरीचं दुकानही बुडवायचं नव्हतं. दोन्हींच्या मधे अडकलेल्या माणसानं बापालाच पुढे केलं होतं. तिनं ती दगडासारखी कणीक बाजूला ठेवली आणि खिचडी टाकली.

सकाळी ती उठली तर खाजा मिया धुतलेला सदरा घालून, टोपी नीट बसवून दारात उभे होते. "रिक्षा बोलव. तांड्यावर जायचं हाय."

धनसिंग आणि जिवनबाई दोघंही घरी होते. ओट्यावर सतरंजी टाकली गेली, चहा आला. बिलकीसनं वाटेत अब्बांना बजावलं होतं, एवढंच सांगा की बावा हट्ट्याला झोपेत गेले, कडी पिंजणाची आहे. बास. जास्त बोलू नका. म्हाताऱ्यानं मान डोलावली होती.

आणि तिथं बसल्यावर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"कडी पिंजणाची हाय. बावा झोपेत गेला, हट्ट्यातल्या कुणालाबी विचारा. पण धनसिंगभाऊ, तुमाला मी ठाव असून फसवलं. तुमी काय समजाल ते मला बराबर माहीत होतं. घर सुटू नये म्हणून बोललो. माझा बाप त्या कडीला लटकून राहिला, मी त्या घराला लटकून राहिलो. चूक माझी. आता माझ्या पोरीला लटकत ठेवू नका."

बिलकीसनं डोळे मिटून घेतले. झालं. आता हे लोक म्हणणार, लबाडाकडून घर घ्यायचं कशाला? धनसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्याच होत्या. ते पाय आवरून सरळ बसले. "म्हणजे बाबा, मी इसार देऊन बसलो, पोरांना सांगून बसलो, अन् तुमी आमाला बनवलं?"

"व्हय," खाजा मिया म्हणाले.

"आमच्या बायकोनं दोन दिवस दिवा लावला तुमच्या बापाच्या नावानं!"

"त्याला पोचला असंल," खाजा मिया हळूच म्हणाले. "माझ्याकडून न्हाई पोचला कधी."

धनसिंग पुढे काही कडक बोलणार होते, पण तेवढ्यात जिवनबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून आधी हळू, मग मोठ्यानं. नवऱ्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं तशी ती आणखीच हसायला लागली.

"काय झालं दात काढायला?"

"अवो, विचार तर करा," ती डोळे पुसत म्हणाली. "जे घर सोडवत न्हाई म्हणून माणसानं आपल्या बापाला फासावर लटकावलं, ते घर वाईट कसं असंल? असलं घर तर डोळे झाकून घ्यावं. तुमी उद्याच कागद करा."

धनसिंगनी बायकोकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. "एक अट हाय," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी बाबानं यायचं, कारखान्यात बसायचं, अन् आमच्या पोरांना ते पिंजण काय असतं ते सांगायचं. मला काय माहीत, मी काय सांगू?"

खाजा मियांनी रुमाल काढला. या वेळी तो आधी काढून ठेवलेला नव्हता, खिसे चाचपून शोधावा लागला.

रिक्षात बसल्या बसल्या बिलकीसनं फरहीनला फोन लावला. पलीकडे गिऱ्हाइकांचा गलबला होता. "घर गेलं," बिलकीस म्हणाली. "शालूबाईंना सांग, मोबाइलवाल्याला नाही म्हणा." पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक 'ओ मॅडम, माझी पट्टी' म्हणत होतं. मग फरहीन म्हणाली, "अम्मी, दादा कसे आहेत?"

बिलकीसनं शेजारी पाहिलं. अब्बा बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, आणि रिक्षा खड्ड्यात आपटली की ते समोरच्या दांडीला घट्ट धरत होते. आता हे रडतील, असं तिला वाटलं. घर गेल्याचं ते आता बोलतील आणि मी काय म्हणू, याची ती मनात जुळवाजुळव करायला लागली.

खाजा मिया तिच्याकडे वळले.

"बिलकीस, नरसीत त्या गाळ्यापासून मशीद किती लांब हाय?"

तीन महिन्यांत म्हाताऱ्यानं नरसीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. आणि बिलकीसला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. तीन वेळा गाळा पाहून आली, शटर पाहिलं, कपाटं कुठं बसतील ते पाहिलं, मागच्या खोल्यांतलं पाणी पाहिलं. हे एक पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला एकदम फार अपराधी वाटलं.

"नाही पाहिलं, अब्बा," ती म्हणाली.

"मग उद्या जाऊ," ते म्हणाले. "चालून बघतो."